सुट्या भागांचा ट्रेलर आणि चाकांवरचें घर

आमच्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव कांहीं वर्षांपासून अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं नोकरीस आहेत. त्यांनीं नुकतेंच वडिलांस एक छायाचित्र धाडलें. सुट्टीच्या दिवसांत पत्नीसह हिंडतां यावें म्हणून त्यांनीं मोटारीमागें ओढावयाचें एक लहानसें घर स्वतःच्या हातानें बांधावयास घेतलें आहे. बाजारांतून सुट्या भागांचा ट्रेलर आणून त्यांनीं तो जोडला असून त्यावर घराची बाजू खडूनें आंखली आहे. तें चित्र पाहून आमच्या सभासदांनीं एकच वाक्य उच्चारलें, "ही गाडी उलाळ होणार." त्यांनीं चाळीस वर्षें बैलगाडी स्वतः भरली आहे. मोटारीमागचा असला ट्रेलर त्यांनीं जन्मांत पाहिलेला नाहीं. परंतु आंस साटीच्या जवळजवळ मध्यावर आणि स्वयंपाकाचा सगळा संसार मागील टोंकास, एवढें चित्रावरून दिसलें, तें त्यांस पुरेसें झालें. मुलास काय लिहावें हें विचारण्यासाठीं तें चित्र घेऊन ते आमच्याकडे आले.

विषय परदेशांतला आहे खरा, आणि आमच्या वाचकांपैकीं असलें घर बांधणारे फार थोडे निघतील. तथापि ओझें, आंस आणि ओढणारा या तिघांचें जें नातें आहे तें देश बदलल्यानें बदलत नाहीं. शिवाय आज आपल्यांतील पुष्कळ घरांचीं मुलें परदेशीं आहेत, आणि आपल्या दारीं बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टरचा ट्रेलर उभा आहे. म्हणून या प्रश्नावर आमचें जें मत आहे तें येथें सविस्तर देत आहों.

ज्या गाडीविषयीं हें चाललें आहे तिला अमेरिकेंत टिअरड्रॉप म्हणतात. बाजूनें पाहिलें असतां ती पुढें गोल आणि मागें निमुळती होत गेलेली, थेंबासारखी दिसते. त्यावरूनच तें नांव पडलें. आंत दोन माणसांस निजण्यापुरती जागा असते, उभें राहतां येत नाहीं. मागील बाजूस वर उचलतां येणारें झांकण असून त्याखालीं चूल, भांडीं व पाणी ठेवण्याचें कपाट असतें. स्वयंपाक बाहेर उभें राहून करावयाचा. १९३० नंतरच्या दशकांत हा प्रकार तेथें रूढ झाला. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर उरलेले ॲल्युमिनियमचे पत्रे व लष्करी गाड्यांचीं चाकें स्वस्तांत मिळूं लागलीं, तेव्हां हाताचे कसबी लोक त्यांतून अशा गाड्या घरीं बनवूं लागले. १९४७ सालीं मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड या मासिकानें तिचे आराखडे छापले. मध्यंतरीं हा छंद मागें पडला होता. अलीकडे त्यास पुन्हां बहर आला आहे.

पूर्वीं सांगाडा स्वतः जोडावा लागे. आतां सामान वाहण्याच्या लहान ट्रेलराचे सुटे भाग खोक्यांत भरून विकत मिळतात. दाबून वळविलेल्या पोलादी पट्ट्या, आंस, दोन चाकें, कमानपाटे, दांडी, मोटारीच्या बॉलवर बसणारें कपलर, दिवे आणि नट-बोल्ट इतकें सामान त्यांत येतें. त्याची साटी बहुधा ४ फूट रुंद व ८ फूट लांब असते. प्लायवुडचा तक्ताही नेमका तेवढाच असतो. म्हणून घराची जमीन कापाकापी न करितां बसते. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यामुळेंच हा संच घर बांधणाऱ्यांच्या इतका पसंतीस उतरला आहे.

या संचाबद्दल दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हा सांगाडा कचरा व माती वाहण्यासाठीं केलेला, पातळ पट्ट्यांचा, बोल्टांवर उभा असलेला; त्यावर घर बांधणें म्हणजे वाळूवर वाडा उभारणें होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हजारों लोक बांधतात व हिंडतात. तेव्हां खोकें उघडावें, जोडावें आणि त्यावर घर ठोकावें. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धें सत्य सांगतात. हा सांगाडा निंद्य नाहीं. परंतु जसा येतो तसा वापरण्याजोगाही नाहीं. ज्यास तो घ्यावयाचा आहे त्यानें निवड करितांना वजन पाहावें, किंमत नव्हे. आणि घरासाठीं ठेवलेल्या पैशांतील पहिला पैसा जमिनीच्या खालीं खर्च करावा, वरच्या रंगरंगोटीवर नव्हे.

प्रथम निवडीचा विचार करूं. विकणारा जो भार सांगतो तो नीट समजून घेतला पाहिजे. हे लहान संच साधारण ५०० पासून ८०० किलोपर्यंत भार घेणारे म्हणून विकले जातात. त्या आंकड्यांत सांगाड्याचें स्वतःचें वजन धरलें आहे किंवा नाहीं, हा पहिला प्रश्न. धरलें असेल तर त्यांतून १०० किलोंच्या आसपास वजा करावे लागतात. आतां घराचा हिशेब पाहा. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा एक तक्ता सुमारें ३० किलो भरतो. जमीन, दोन बाजू, छप्पर, कपाटें, दारें, गादी, विजेची बॅटरी, जास्तीचें चाक, चूल, भांडीं आणि वीस लिटर पाणी मिळून सांगाड्यासह साडेचारशें-पांचशें किलो सहज होतात. म्हणजे ५०० किलोंचा संच घेणारा पहिल्याच दिवशीं कांठावर उभा राहतो, आणि पुढें घरांत आलेली प्रत्येक हौसेची वस्तु त्यास पलीकडे ढकलते. बैल आपल्या पूर्ण ताकदीइतकें ओझें रोज ओढीत नाहीं हें आपण जाणतों. लोखंडासही तोच न्याय लावावा. भरलेल्या घराचें वजन सांगितलेल्या भाराच्या तीन चतुर्थांशाहून अधिक होऊं देऊं नये, असा आमचा सल्ला आहे.

दुसरी गोष्ट चाकांची. अगदीं स्वस्त संचांस ८ इंची रिंगेचीं चाकें असतात, त्यांहून चांगल्यांस १२ इंची. तेवढाच रस्ता कापण्यास लहान चाकास मोठ्याच्या सुमारें सव्वापट फेरे घ्यावे लागतात; म्हणून त्याचें बेअरिंग अधिक तापतें, टायर लवकर झिजतो, आणि खड्ड्यांत तें अधिक खोल बसतें. जवळच्या रोपवाटिकेंतून माती आणणाऱ्यास तें चालेल. शेंकडों मैल जाणाऱ्या घरास चालणार नाहीं. तिसरी गोष्ट अशी कीं, कांहीं सांगाडे वापरून झाल्यावर मधोमध दुमडून भिंतीशीं उभे करितां येतात. सामानाच्या ट्रेलरास ती सोय उत्तम. पण ज्यावर घर कायमचें बसणार त्यास बिजागरीचा उपयोग काय? ती निव्वळ दुबळी जागा होते. शक्य तों न दुमडणारा सांगाडा घ्यावा. दुमडणारा घेतलाच असेल तर सांध्यावर आडवी पोलादी पट्टी देऊन तो बोल्टांनीं कायमचा जखडून टाकावा.

आतां फेरफारांकडे वळूं. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोलाचा आहे, आणि तो आमच्या सभासदांनीं चित्रावरून ओळखला. आंसाच्या पुढें किती वजन व मागें किती, यावर बैलगाडीचें सारें सुख अवलंबून असतें. धुरजड भरलेली गाडी बैलांच्या मानेवर बसते. उलाळ भरलेली गाडी जूं वर उचलते व जोतीं बैलांच्या गळ्यास लागतात. म्हणून गाडीवान माल असा रचतो कीं, जुंवावर थोडा पण निश्चित दाब राहावा. मोटारीच्या ट्रेलरासही हेंच हवें असतें, आणि तेथील अनुभवी लोकांनीं त्याचें मापही ठरविलें आहे. भरलेल्या ट्रेलराच्या एकूण वजनापैकीं १० ते १५ टक्के वजन दांडीच्या टोंकावर, म्हणजे मोटारीच्या बॉलवर, पडलें पाहिजे.

हें कमी पडलें तर काय होतें? उलाळ गाडीचे बैल घोरूं लागतात, थांबतात, मान हलवितात. मुकें जनावर असून तें गाडीवानास सांगतें. मोटार सांगत नाहीं. हळू जातांना सर्व ठीक भासतें. वेग वाढला, शेजारून मोठा ट्रक गेला किंवा उतार लागला, कीं मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊं लागतो. प्रत्येक झोका आधींच्यापेक्षां मोठा होतो, आणि अखेर तो मोटारीस सोबत घेऊन रस्त्याबाहेर जातो किंवा समोरून येणाऱ्यावर आदळतो. अशा वेळीं घाबरून मोटारीचा ब्रेक दाबल्यास झोका वाढतो. पाय हळूच उचलावा, चक्र सरळ धरावें आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. परंतु खरा उपाय रस्त्यावर नाहीं, तो घरीं गाडी भरतांनाच करावयाचा आहे.

तोलाचें गणित अवघड नाहीं. समजा, भरलेलें घर ५०० किलोंचें आहे, त्याचा गुरुत्वमध्य आंसाच्या पुढें ३६ सेंटिमीटर आहे, आणि आंसापासून दांडीच्या टोंकापर्यंत ३०० सेंटिमीटर अंतर आहे. ५०० ला ३६ नें गुणून ३०० नें भागिलें म्हणजे ६० किलो येतात. टोंकावर ६० किलो, म्हणजे १२ टक्के, ठीक आहे. आतां आंसाच्या मागें ९० सेंटिमीटरवर जें चुलीचें कपाट आहे त्यांत ४० किलो भांडीं, पाणी व बर्फाची पेटी भरा. टोंकावरचें वजन १२ किलोंनीं उतरून ४८ होतें, आणि एकूण वजन ५४० होतें. बारा टक्के होते ते नऊच्याही खालीं आले! चिरंजीवांनीं खडूनें जी आंखणी केली आहे तींत नेमकें हेंच होणार आहे. टिअरड्रॉपचें स्वयंपाकघर मागें असतें हा तिचा स्वभावच आहे. म्हणून तिच्या सांगाड्याचा आंस साध्या सामानाच्या ट्रेलरापेक्षां मागें असावा लागतो. बहुतेक संचांत कमानपाट्यांचे आधार बोल्टांवर असतात. ते घर चढविण्यापूर्वीं मागें सरकवितां येतात. घर चढल्यावर तें काम दहापट कठीण होतें. जास्तीचें चाक, बॅटरी व हत्यारें दांडीवरील पेटींत ठेवल्यानेंही तोल सांवरतो. मात्र तोल साधण्यासाठीं पुढें दगड भरूं नयेत. तें रोगापेक्षां औषध वाईट. पंधरा टक्क्यांहून अधिक दाब पडल्यास मोटारीची मागील बाजू बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि चक्र हातीं नीट लागत नाहीं.

दुसरा फेरफार दांडीचा. संचाबरोबर येणारी दांडी बहुधा आंखूड असते. मागें घेतांना वळण थोडें जास्त झालें कीं मोटारीचा कोपरा घरास लागतो. आणि पुढें पेटी ठेवावयासही जागा राहत नाहीं. म्हणून दांडी दोन-अडीच फूट लांब करणें बरें. लांब दांडीचा ट्रेलर मागें घेण्यासही सोपा जातो आणि मोटारीमागें शांत चालतो. पण येथें दोन गोष्टी विसरूं नयेत. दांडी लांबली कीं सांगाड्याशीं तिला पडणारा वांक वाढतो. तेव्हां जुन्या दांडीस तुकडा न जोडतां जाड पोलादाची अखंड नवी दांडी घालावी व ती साटीच्या खालून पुष्कळ मागपर्यंत न्यावी. दुसरें असें कीं, वरच्याच उदाहरणांत अंतर ३०० च्या जागीं ३६० सेंटिमीटर केलें, तर टोंकावरचे ६० किलो ५० वर येतात, म्हणजे १० टक्के. म्हणून दांडी बदलल्यावर तोल पुन्हां पाहिलाच पाहिजे.

तिसरा, कमानपाट्यांचा. ते पूर्ण भारासाठीं बेतलेले असतात. अर्ध्या भारावर ताठ राहतात आणि घर प्रत्येक खड्ड्यास उडतें. कांहीं लोक एक पाटा काढून टाकतात. तसें करावयाचें तर दोन्ही बाजूंचा सारखाच काढावा, आणि त्यानें भार घेण्याची ताकद कमी झाली हें हिशेबांत धरावें. वजन मोजल्यावांचून पाटा काढूं नये.

राहिलीं किरकोळ दिसणारीं पण जीव वांचविणारीं कामें. बेअरिंगांत कारखान्यांतून आलेलें वंगण पुष्कळदां अगदीं थोडें, केवळ गंज धरूं नये म्हणून लावलेलें असतें. जोडतांनाच तें पुसून चांगलें वंगण ठांसून भरावें, आणि पुढें दरवर्षीं भरीत जावें. आंसास वंगण न घालतां गाडी जुंपणाऱ्यास गांवांत काय म्हणतात हें सांगावयास नको. चाकांचे नट पहिल्या ७०-८० किलोमीटरांनंतर पुन्हां आंवळावे. घर सांगाड्यास नुसत्या स्क्रूंनीं न बसवितां आरपार बोल्टांनीं बसवावें, म्हणजे प्लायवुडच्या उभ्या भिंती तुळईसारख्या काम करितात व पातळ सांगाड्यास बळ देतात. भोंकें पाडावयाचीं तीं पट्टीच्या उभ्या अंगाच्या मध्यावर पाडावीं. वरच्या-खालच्या कडेस पाडल्यास सर्वाधिक ताण पडतो तेथेंच लोखंड उणें होतें. पातळ पट्टीवर नवशिक्यानें वेल्डिंग करूं नये, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर तर मुळींच नाहीं. त्याचा धूर बाधतो. जमिनीचा तक्ता खालून डांबरानें रंगवावा, कारण पाणी चाकांवरून तेथेंच उडतें. घर उभें केल्यावर मागील दोन्ही कोपऱ्यांखालीं टेकू द्यावे. नाहींतर मोटार सोडल्यावर दोघें माणसें मागच्या बाजूस बसलीं कीं सबंध घर उलाळ होईल. आणि आंत निजतांना वारा खेळेल अशीं दोन छिद्रें सदैव उघडीं ठेवावीं. चूल किंवा शेगडी आंत कधींही पेटवूं नये.

कोणी म्हणेल, इतकें सगळें करावयाचें तर तयार, मजबूत, कारागिरानें जोडलेला सांगाडाच कां घेऊं नये? ज्यास ऐपत आहे त्यानें तो अवश्य घ्यावा. परंतु त्यानेंही तोल चुकतोच. महाग सांगाडाही उलाळ भरतां येतो. उलट, १२ इंची चाकांचा, न दुमडणारा, पुरेशा भाराचा साधा संच घेऊन ज्यानें आंस मागें सरकविला, दांडी बदलली, वंगण भरलें आणि भरलेली गाडी कांट्यावर घातली, त्यास थोड्या पैशांत निर्धास्त प्रवास करितां येतो. आमचा आक्षेप संचावर नाहीं. न मोजतां बांधण्यावर आहे. एकूण वजन कोणत्याही सार्वजनिक वजनकांट्यावर होतें. टोंकाचें वजन तर घरांत माणसाचें वजन करण्याच्या लहान कांट्यावरही पाहतां येतें. ट्रेलर सपाट जागीं उभा करून, चाकांस अडण देऊन, मोटारीस जोडतांना असतो त्याच उंचीवर दांडीचें टोंक त्यावर टेकवावें म्हणजे झालें.

आतां दोन शब्द आपल्या घरच्या संबंधानें. आपल्याकडे मोटारीमागें असें घर ओढण्याचा प्रघात नाहीं. आणि कोणास हौस आलीच तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ट्रेलरची नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या वाहनांत मनास येईल तसा फेरफार करितां येत नाहीं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी, मागून नव्हे. पण ट्रॅक्टरचे ट्रेलर आपल्याकडे गांवोगांवीं आहेत. त्यांच्या बाजूस फळ्या वाढविणें, मागील फळी सोडून ऊस बाहेर लोंबकळत ठेवणें, रात्रीं दिवा किंवा लाल चकाकती पट्टी नसतां रस्त्यावर उभे करणें आणि त्यांतच वऱ्हाडाचीं माणसें भरणें, हें सर्व आपण रोज पाहतों. दोन टक्क्यांच्या तोलासाठीं घरांतला कांटा काढून बसणारा अमेरिकेंतील हौशी मनुष्य आपणांस कदाचित् हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या पित्यानें हातांत कांटा न घेतां केवळ चित्रावरून गाडीचा दोष ओळखला तो आपल्यांतलाच आहे. तें ज्ञान आपल्याजवळ होतें आणि आहे. बैलाची मान गेली म्हणून तें सोडून देण्याचें कारण नाहीं.

आमच्या सभासदांस आम्हीं असें सांगितलें कीं, मुलास रागावून लिहूं नये. त्यानें आरंभ केला हें चांगलेंच केलें, आणि अद्याप घर चढविलेलें नाहीं हें त्याहून चांगलें. त्यास एवढेंच लिहावें : आंस मागें घे, सामान, भांडीं, पाणी सर्व भरून टोंकाचें वजन कर, तो आंकडा मला कळव, आणि तो कळविल्याखेरीज सूनबाईंस घेऊन रस्त्यास लागूं नकोस. पत्र गेलें आहे. आंकडा आल्यावर वाचकांस अवश्य कळवूं.